दम्याच्या माणसाचा कॅमेरा

मोर्शीतल्या एका फोटो स्टुडिओत पडून असलेला जुना रेंजफाइंडर कॅमेरा मला हाताळायला मिळाला. खिडकीतून पाहिले की मधोमध दोन प्रतिमा दिसतात. कडे फिरवून त्या एकावर एक बसल्या की अंतर जुळले. एवढ्याशा यंत्राचे मला वेडच लागले. मग त्याच्या मूळपुरुषाची माहिती काढली.

ऑस्कर बार्नाक यांचा जन्म जर्मनीत १८७९ साली झाला. हाताने कुशल यंत्रकारागीर, नाद फोटोचा आणि छातीत दमा. काचेच्या प्लेटांचे ओझे घेऊन त्यांना चढण चढवेना. तेव्हा वेट्झलरच्या लाइट्झ कारखान्यात त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी लावली, चौकट दुप्पट केली आणि १९१४ पर्यंत हातात मावणारा कॅमेरा घडवला. (आपल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली अशाच फिल्मवर झळकला होता!) महायुद्धामुळे काम रखडले. १९२५ साली ‘लायका’ बाजारात आला. रेंजफाइंडर त्याच्या भिंगाला जोडला गेला तो १९३२ मध्ये. चारच वर्षांनी, १९३६ साली, बार्नाक वारले.

दम्याचा माणूस कामातून गेला, असे आमच्याकडे सर्रास समजतात. माझ्या बाबांना दमा आहे. संत्र्याचे क्रेट उचलताना ते मध्येच बांधावर बसतात. तसा त्यांचा फोटो काढायचा म्हणून मी तो कॅमेरा मागून आणला आहे. रोलचे पैसे अजून जमायचे आहेत.