व्होल्टाची चळत

चार वर्षांचं होईपर्यंत पोर बोललंच नाही. इटलीतल्या कोमो गावी १७४५ साली जन्मलेल्या अलेसांद्रो व्होल्टाला घरच्यांनी मंद ठरवून टाकलं होतं. पण सातव्या वर्षी बरोबरीची मुलं मागे पडली. वडील लवकर गेले. काकांना पुतण्या वकील व्हायला हवा होता, याचं मन मात्र विजेत! १७७९ साली ते पाव्हियाला प्राध्यापक झाले. मारियाना पारिस या गायिकेवर जीव जडला, घरच्यांना ते पटलं नाही. अखेर पन्नाशीला टेकल्यावर, १७९४ साली, तेरेसा पेरेग्रिनीशी लग्न झालं.

त्याच सुमारास गॅल्वानी म्हणत होते की बेडकाच्या अंगातच वीज असते. दोन धातू लावले की मेलेल्या बेडकाची तंगडी उडते. (त्यांच्या पत्नी लुचिया यांचाही प्रयोगांत हात होता, हे सहसा कुणी सांगत नाही.) व्होल्टांना ते पटेना. वीज दोन धातूंमुळे येते म्हणत त्यांनी चांदीची चकती, जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. आपण पुऱ्यांची रचतो तशी. मार्च १८०० मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला ते पत्राने कळवलं. जगातली पहिली बॅटरी ती हीच.

पण ती टिकायची नाही. पुठ्ठा सुकला की संपली. ओलावा राहावा म्हणून व्होल्टांनी मेणाचा, राळेचा उपायही करून पाहिला. शिवाय तार जोडलेली नसली तरी जस्त आपोआप झिजत राही. म्हणजे न वापरताच खर्च!

मैत्रिणींनो, ही खोड आजच्या बॅटरीतही आहे, आणि उन्हात ती वाढते. आमच्या गोंदियात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी २५ अंशांत, पडून राहिली तरी, महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते, जुनी असली तर जास्तच. दर १० अंशांमागे हा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे टिनाच्या शेडमध्ये चौपट की हो! उतरलेली तशीच ठेवली तर पाट्यांवर थर घट्ट बसतो आणि बॅटरी कामातून जाते. म्हणून महिनाभर माहेरी जायचं तर ती पूर्ण चार्ज करून, इलेक्ट्रिशियनकडून तारा सोडवून, सावलीत हवेशीर ठेवावी. डिसेंबरच्या थंडीत उलटं होतं, बॅटरी फारशी उतरत नाही, पण जोरही कमी देते. स्कूटी सकाळी कुरकुरते ती त्यामुळेच.

टॉर्चचे अल्कलाइन सेल वर्षाला २-३ टक्केच उतरतात. ते थंड, कोरड्या कपाटात पुरे. फ्रिजमध्ये ठेवायची आपल्याकडची पद्धत मला काही पटत नाही. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. न वापरायच्या रिमोटमधून मात्र ते काढून ठेवावेत, नाहीतर आतच पाझरतात.

१८०१ साली नेपोलियनने पॅरिसमध्ये ती चळत स्वतः पाहिली, पुढे व्होल्टांना सरदारकी दिली. पण म्हातारपणी ते कोमोजवळच्या घरी परतले आणि ५ मार्च १८२७ रोजी वारले. १८८१ मध्ये विजेच्या दाबाच्या मापाला त्यांचं नाव मिळालं. सेलवर दीड आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बारा व्होल्ट लिहिलेलं असतं, ते त्यांचंच.