विश्लेषण : एनएफएलच्या पहिल्या अध्यक्षाची ऑलिम्पिक पदके का काढून घेतली होती? कोण होता जिम थॉर्प?

अमेरिकन फुटबॉलची एनएफएल ही आज जगातील सर्वांत श्रीमंत क्रीडा लीग मानली जाते. या लीगचा जन्म मात्र एका मोटारींच्या शोरूममध्ये झाला. 17 सप्टेंबर 1920 रोजी ओहायो राज्यातील कँटन शहरात कँटन बुलडॉग्ज संघाच्या मालकाने इतर संघमालकांना आपल्या शोरूममध्ये बोलावले. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून काही जण विक्रीला ठेवलेल्या गाड्यांच्या फूटबोर्डवरच बसले. प्रत्येक संघाने 100 डॉलर प्रवेश शुल्क द्यायचे ठरले, ते बहुधा कुणीच भरले नाही. आणि अध्यक्ष म्हणून निवड झाली ती मैदानावर अजून खेळत असलेल्या, कारभाराचा काहीही अनुभव नसलेल्या एका खेळाडूची. त्याचे नाव जिम थॉर्प.

त्याला निवडण्याचे कारण सरळ होते. पैसे घेऊन फुटबॉल खेळणे तेव्हा हलके समजले जाई. प्रतिष्ठा होती ती कॉलेज फुटबॉलला. नव्या लीगची बातमी वर्तमानपत्रांनी छापावी यासाठी संपूर्ण अमेरिकेला ठाऊक असलेले एक नाव हवे होते. पण त्याच नावावर सात वर्षांपूर्वी पैसे घेऊन खेळल्याचा ठपका बसला होता आणि त्यापायी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके गेली होती.

जन्म कधीचा?

थॉर्पचा जन्म आजच्या ओक्लाहोमा राज्यात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत 22 मे 1887 ही तारीख आहे, तर तो स्वतः 28 मे 1888 सांगत असे. त्यामुळे दिनविशेषात दोन्ही तारखा दिसतात. तो सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीचा. जमातीतले त्याचे नाव वा-थो-हक, अर्थ साधारणपणे उजळलेली वाट. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच आजाराने गेला आणि त्यानंतर जिमचे शाळेत मन रमेना. तो पुन्हा पुन्हा पळून घरी यायचा. विशीपर्यंत आई-वडीलही राहिले नाहीत.

1904 मध्ये त्याला पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये पाठवण्यात आले. नाव शाळेचे असले तरी ही जागा लष्कराची जुनी छावणी होती आणि उद्देशही तसाच. मूलनिवासी मुलांचे केस कापायचे, गणवेश चढवायचा, त्यांची भाषा बंद करायची. सुट्टीत त्यांना गोऱ्या कुटुंबांकडे, शेतांवर कामाला पाठवले जाई, थॉर्पही गेला. अशा या शाळेचा फुटबॉल संघ मात्र देशातल्या नामांकित कॉलेजांना हरवत होता. प्रशिक्षक होते ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर.

हार्वर्ड आणि लष्कराला कसे हरवले?

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी : चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळत किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवला की टचडाउन, पायाने मारून दोन खांबांच्या मधून नेला की फील्ड गोल. 1911 मध्ये टचडाउनला 5 गुण होते, फील्ड गोलला 3. त्या वर्षी कार्लाइलने बलाढ्य हार्वर्डला 18-15 असे हरवले. त्यातले चार फील्ड गोल, म्हणजे 12 गुण, एकट्या थॉर्पच्या पायातून आले.

पुढच्या वर्षीचा सामना त्याहून मोठा. 9 नोव्हेंबर 1912 रोजी वेस्ट पॉइंट येथे कार्लाइलची गाठ लष्करी अकादमीच्या संघाशी पडली. वुंडेड नी येथे अमेरिकी लष्कराने लाकोटा जमातीच्या स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली, त्याला तेव्हा जेमतेम 22 वर्षे झाली होती. मैदानावरच्या मुलांपैकी कुणाला याची आठवण करून द्यावी लागली नसणार. कार्लाइलने सामना 27-6 असा जिंकला. लष्कराच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता. तो पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

पदके का गेली?

या सामन्याच्या चार महिने आधी थॉर्प स्टॉकहोम ऑलिम्पिक गाजवून आला होता. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत त्याने सुवर्णपदक जिंकले. पेंटॅथलॉनमधील पाचपैकी चार प्रकारांत तो पहिला होता. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. गंमत म्हणजे ज्या देशासाठी तो धावला, त्या देशाने सर्व मूलनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा केला तो 1924 मध्ये.

जानेवारी 1913 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका दैनिकाने बातमी दिली की थॉर्प 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातील एका छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळला आणि त्याचे पैसे घेतले. बातमी खरी होती. पैसे अगदी किरकोळ होते, पण तेव्हाच्या नियमानुसार कुठल्याही खेळातून एक डॉलर जरी कमावला तरी खेळाडू हौशी राहत नसे, आणि ऑलिम्पिक फक्त हौशींसाठी होते.

सुट्टीत असे पैसे कमावणारे कॉलेज खेळाडू तेव्हा कितीतरी होते. फरक एवढाच की ते खोट्या नावाने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता, पण फुकट खेळणे परवडते ते घरून पैसे येणाऱ्यांना. थॉर्पच्या घरी पैसे पाठवायला कुणी उरले नव्हते.

वॉर्नर आणि अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेचे जेम्स सुलिव्हन यांनी आपल्याला यातले काही माहीत नव्हते अशी भूमिका घेतली. नंतरच्या अभ्यासकांपैकी फार थोड्यांना ती पटली. थॉर्पने लेखी कबुली दिली, चूक अजाणतेपणी झाल्याचे कळवले, पण उपयोग झाला नाही. पदके परत गेली आणि निकालातून नाव खोडले गेले.

आता यातली तांत्रिक बाब, जी सर्वांत महत्त्वाची आहे. स्टॉकहोम स्पर्धेच्या नियमांनुसार एखाद्या खेळाडूविरुद्ध आक्षेप स्पर्धा संपल्यापासून 30 दिवसांत नोंदवणे बंधनकारक होते. बातमी आली सुमारे सहा महिन्यांनी. म्हणजे कारवाईच नियमबाह्य होती. हे नियमपुस्तक अभ्यासक फ्लॉरेन्स रिडलॉन आणि रॉबर्ट व्हीलर यांनी काही दशकांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून शोधून काढले. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती नमली, पण अर्धीच. जानेवारी 1983 मध्ये थॉर्पच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या आणि त्याला संयुक्त विजेता ठरवले गेले. नॉर्वेचा फर्डिनंड बी आणि स्वीडनचा ह्यूगो विस्लँडर यांची नावे शेजारी कायम राहिली. स्वीडनचे म्हणणे तर असे की विस्लँडरने ते सुवर्ण कधी मनापासून स्वीकारलेच नव्हते. एकमेव विजेता म्हणून थॉर्पची नोंद व्हायला जुलै 2022 उजाडले. मूळ पदके संग्रहालयातून चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाहीत.

या विलंबात एका माणसाचा वाटा विसरता येत नाही. एव्हरी ब्रंडेज स्टॉकहोमला त्याच दोन स्पर्धांत थॉर्पचे प्रतिस्पर्धी होते आणि बरेच मागे राहिले. 1952 ते 1972 अशी वीस वर्षे ते ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात हे प्रकरण पुढे सरकले नाही.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये काय केले?

हौशीपणाचे सोंग संपल्यावर थॉर्प उघडपणे व्यावसायिक झाला. 1913 ते 1919 या काळात तो मोठ्या बेसबॉल लीगमध्ये खेळला. 1915 मध्ये कँटन बुलडॉग्जने त्याला एका सामन्याचे 250 डॉलर देऊ केले. इतरांच्या मानाने रक्कम अवाढव्य होती, पण तिकीटविक्रीने ती वसूल झाली. 1920 मध्ये तो लीगचा अध्यक्ष झाला तेव्हा कामकाजाकडे त्याने फारसे पाहिले नाही. पुढच्याच वर्षी जो कार यांनी सूत्रे घेतली आणि 1922 मध्ये लीगला एनएफएल हे नाव मिळाले.

त्याच वर्षी ओहायोतील लारू या छोट्या गावात ओरँग इंडियन्स हा फक्त मूलनिवासी खेळाडूंचा संघ उभा राहिला. प्रशिक्षक आणि मुख्य आकर्षण थॉर्प. संघाचा मालक एअरडेल जातीच्या कुत्र्यांचा व्यापारी होता आणि संघ म्हणजे त्याच्या कुत्र्यांची जाहिरात. मध्यंतरात खेळाडूंनी नाच करायचा, कुत्र्यांच्या कसरती दाखवायच्या. आजच्या सुपर बोलच्या झगमगत्या हाफटाइम शोची एक मुळी इथे सापडते. खेळाडूंना त्यात काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. दोन हंगामांत चार विजय मिळवून संघ बंद पडला. थॉर्प 1928 पर्यंत खेळत राहिला.

शेवट कसा झाला?

मंदीच्या काळात त्याने मजुरी केली, खड्डे खणले, हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा म्हणून किरकोळ भूमिका केल्या. 1950 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत पत्रकारांनी त्याला अर्ध्या शतकातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू ठरवले. पुढच्या वर्षी त्याच्यावरचा चित्रपट आला, त्यात बर्ट लँकेस्टर नायक होता. थॉर्पच्या परिस्थितीत त्याने फरक पडला नाही. 28 मार्च 1953 रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे ट्रेलरमधल्या घरात हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वेस्ट पॉइंटचा तो कॅडेट त्याआधी दोनच महिने व्हाइट हाउसमध्ये पोहोचला होता.

त्यानंतर जे घडले ते चमत्कारिक आहे. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने अंत्यविधी सुरू असतानाच तिसरी पत्नी पॅट्रिशिया यांनी शवपेटी तिथून हलवली. ओक्लाहोमात स्मारकाचे पैसे उभे राहिले नव्हते. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही कोळशाच्या धंद्याबरोबर उतरणीला लागलेली दोन गावे तेव्हा पर्यटकांसाठी काहीतरी शोधत होती. सौदा ठरला. 1954 मध्ये दोन्ही गावे एक झाली, नव्या गावाचे नाव जिम थॉर्प ठेवले गेले आणि तिथे त्याला दफन करण्यात आले. कबरीत ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती टाकली गेली. जिवंतपणी त्याने या गावात पाऊल ठेवल्याची नोंद नाही.

मुलांनी हे मान्य केले नाही. 2010 मध्ये जॅक थॉर्प यांनी मूलनिवासींचे अवशेष परत करण्याविषयीच्या कायद्याखाली दावा लावला. जॅक 2011 मध्ये वारले, भावांनी खटला पुढे चालवला. 2013 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, 2014 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. थॉर्पची कबर आजही पेनसिल्व्हेनियातच, त्याच्या नावाच्या गावात आहे.