अंधारावर प्रकाश टाकणारे जेकब रीस

मुलांनो, लग्नसमारंभात फोटो काढताना फ्लॅश चमकलेला तुम्ही पाहिलाच असेल. क्षणभर लख्ख उजेड पडतो आणि फोटो निघतो. किती उजेड पाडायचा, हे आता बहुतेक कॅमेरे आपोआप ठरवतात. पूर्वी मात्र ते माणसाला अंदाजाने ठरवावे लागे. त्या काळी जीव धोक्यात घालून फोटो काढणाऱ्या जेकब रीस यांची ही ओळख.

रीस यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्कमधील रिबे या गावी झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. जेकब सुतारकाम शिकले आणि १८७० साली अमेरिकेला गेले. तेथे त्यांना नीट काम मिळेना. कित्येकदा ते उपाशी राहिले. पोलीस ठाण्यात बेघरांसाठी असलेल्या घाणेरड्या खोल्यांतही त्यांनी रात्री काढल्या. पुढे १८७७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' या वृत्तपत्राचे बातमीदार झाले.

बातम्यांसाठी ते रात्री-अपरात्री गरीब वस्त्यांत फिरत. तेथे अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे दाटीवाटीने झोपलेली दिसत. रीस त्याविषयी लिहीत; पण नुसत्या लिहिण्याचा फारसा परिणाम होईना. फोटो काढावा, तर खोलीत उजेड नाही!

जर्मनीत मॅग्नेशिअमपासून उजेड पाडणारी पूड तयार झाल्याची बातमी त्यांनी १८८७ मध्ये वाचली. तिचा त्यांनी लगेच उपयोग सुरू केला. पूड पेटवण्याचे साधन आधी पिस्तुलासारखे होते. ते पाहून लोक घाबरून पळत. मग रीस यांनी साधा तवा घेतला. तव्यावर पूड ठेवून ते ती पेटवू लागले.

हे काम सोपे नव्हते. अंतर दुप्पट झाले, की वस्तूवर चौथाईच उजेड पडतो. म्हणून दूरच्या फोटोला पूड जास्त लागे. शिवाय, एकदा पेटलेली पूड थांबवता येत नसे. एकदा पाच अंध स्त्री-पुरुषांचा फोटो काढताना भिंतीवरच्या कागदांना व चिंध्यांना आग लागली. त्या अंधांना संकटाची कल्पनाच नव्हती. मदतीसाठी धावत खाली जावे, असे रीस यांना वाटले. पण ते थांबले आणि त्यांनी एकट्याने आग विझवली. दुसऱ्या एका वेळी त्यांचे डोळे केवळ चष्म्यामुळे वाचले.

आजच्या स्वयंचलित फ्लॅशमध्ये असा धोका नाही. वस्तूवरून परत येणारा उजेड मोजला जातो आणि तो पुरेसा होताच फ्लॅश बंद होतो. तरी पांढऱ्या भिंतीमुळे हे यंत्र कधी फसते आणि माणसाचा चेहरा काळपट येतो. अशा वेळी जाणकार फोटोग्राफर फ्लॅश हातानेच कमीजास्त करतात.

१८९० मध्ये रीस यांचे गरीब वस्त्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते पाहून अनेकांचे डोळे उघडले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख झाले. त्यांनी १८९६ मध्ये पोलीस ठाण्यांतील त्या घाणेरड्या खोल्या बंद केल्या. मलबेरी बेंड ही दाट वस्ती पाडून तेथे १८९७ मध्ये बाग झाली.

२६ मे १९१४ रोजी रीस यांचे निधन झाले. मुलांनो, उजेड किती हवा, हे आता यंत्र सांगते. तो कोणावर टाकायचा, हे मात्र आजही माणसालाच ठरवावे लागते.