कै. वॉल्टर कॉफमन : गुरुवारच्या मैफलीचे जनक

नवेगांव बांधच्या परिसरांत ज्यांचें बालपण रेडिओच्या सहवासांत गेलें, त्यांस पहाटे आकाशवाणीच्या कार्यक्रमापूर्वीं वाजणारी ती लहानशी धून निराळी सांगावयास नको. खालीं तंबोऱ्याचा घुमारा आणि वर शिवरंजनीच्या वळणाची व्हायोलिनची ओळ. तिच्या कर्तृत्वाविषयीं थोडा मतभेद आहे. तथापि बहुतेक जाणकार ती वॉल्टर कॉफमन यांच्या नांवें मांडतात. ह्या गृहस्थांचें चरित्र आपल्या गायनमंडळीस ठाऊक असावें, असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत होतें.

कॉफमन जन्मानें यहुदी. बोहेमियांतील कार्ल्सबाड ह्या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गांवीं १९०७ सालीं त्यांचा जन्म झाला. बर्लिन येथें फ्रान्झ श्रेकर यांच्यापाशीं संगीतरचना शिकून पुढें प्राग येथें त्यांनीं संगीतशास्त्राचा अभ्यास केला. परंतु आपले प्राध्यापक नाझी पक्षाचे अनुयायी आहेत, हें कळतांच हातीं आलेली डॉक्टरची पदवी त्यांनीं नाकारली. १९३४ सालीं ते मुंबईस आले. व्हिसा सहज मिळाला, हेंच येण्याचें मुख्य कारण. आपल्या संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हां त्यांस त्यांत कांहीं गोडी वाटली नाहीं. मात्र कोट्यवधि लोकांस जें आवडतें तें आपणांस आवडत नसेल, तर उणीव आपल्याच कानांत असली पाहिजे, असें मानून ते शिकावयास बसले. आम्हांस त्यांच्या सर्व विद्वत्तेहून ही गोष्ट मोठी वाटते.

मुंबईस येऊन थोडे महिने झाले नाहींत तोंच त्यांनीं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापिली. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यांत तिघाचौघांनीं मिळून वाजवावयाचें संगीत. मोठ्या वाद्यवृंदांत दहा व्हायोलिनें एकच ओळ वाजवितात. एखादा चुकला तरी खपून जातें. येथें प्रत्येक ओळीस एकच वादक असतो, पुढें उभा राहून हात हालविणारा कोणी नसतो, आणि एक जण न आला तर मैफलच होत नाहीं. अशा मंडळींत पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर पारशी तरुण मेहली मेहता आणि चेलोवर इटालियन एडिजिओ वेर्गा बसत. तिघांचा देश निराळा, धर्म निराळा. कागदावरील स्वर तेवढे सामाईक.

विलिंग्डन जिमखान्यांत दर गुरुवारीं कार्यक्रम होई. आरंभीं श्रोते फारच थोडे येत. पण श्रोते थोडे म्हणून गुरुवार चुकला नाहीं, आणि १९३७ च्या मे महिन्यापर्यंत कार्यक्रमांची संख्या १३६ वर गेली! आपणांकडे नाताळपूर्वीं महिनाभर पेटी-तबल्याचा सराव जोरांत चालतो व तीन राजांच्या सणानंतर पेटीस कुलूप लागतें, हें येथें कबूल केलेलें बरें.

मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्यांत गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकून आलेले आपले कॅथॉलिक बंधूही होते. त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोठें लिहून ठेवलेलीं नाहींत, ह्याची आम्हांस हळहळ वाटते.

१९३७ सालीं कॉफमन मुंबईच्या नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षीं जर्मनीनें कार्ल्सबाड गिळंकृत केलें व परतण्यास घर उरलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं नभोवाणीसाठीं 'अनसूया' ही संगीतिका रचिली. परक्या भूमीवर, आपल्या मुलखावर काळ कोसळत असतां, त्यांनीं आपल्याच पुराणांतील सतीचें आख्यान हातीं घ्यावें, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

१९४६ सालीं त्यांनीं हिंदुस्थान सोडला. लंडन व हॅलिफॅक्स येथें थोडा काळ राहून १९४८ ते १९५७ पर्यंत कॅनडांतील विनिपेग येथील वाद्यवृंदाचें संचालन त्यांनीं केलें. नंतर अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत ते प्राध्यापक झाले. तेथेंच १९६८ सालीं उत्तर हिंदुस्थानच्या रागांवरचा आणि १९७६ सालीं दक्षिणेच्या रागांवरचा त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. ज्या तबकड्या एके काळीं परक्या वाटल्या होत्या, त्यांतील राग ते शेकड्यांनीं स्वरलेखनासह लिहून गेले. १९८४ सालीं ब्लूमिंग्टन येथें त्यांचा अंत झाला.