चार्ल्स फ्राय : मैदानावरचा आणि घरातला

ज्या भगिनींच्या घरी क्रिकेटचे वेड आहे त्यांनी रणजींचे नाव ऐकलेलेच असेल. नवानगरच्या या जामसाहेबांबरोबर ससेक्सच्या संघात खेळणारा त्यांचा जिवलग मित्र म्हणजे चार्ल्स बर्जेस फ्राय. त्याचे चरित्र वाचताना धावांपेक्षा त्याच्या संसारानेच मला अधिक विचारात पाडले.

फ्रायचा जन्म १८७२ साली क्रॉयडन येथे झाला. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला. तेथे १८९३ साली त्याने २३ फूट साडेसहा इंच लांब उडी मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. परंतु शेवटच्या परीक्षेच्या वेळी कर्ज आणि मनाचा आजार यांनी त्याला गाठले, आणि हा बुद्धिमान विद्यार्थी कसाबसा चौथ्या वर्गात उत्तीर्ण झाला.

१९०१ हे वर्ष मात्र त्याचेच. मार्चमध्ये तो आयर्लंडविरुद्ध इंग्लंडच्या फुटबॉल संघातून बचावाच्या फळीत खेळला आणि त्याच मोसमात क्रिकेटमध्ये त्याने लागोपाठ सहा शतके काढली! पुढच्या वर्षी साउदॅम्प्टनतर्फे तो एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात उतरला; सामना बरोबरीत सुटला, पण फेरसामन्यात शेफील्ड युनायटेड जिंकले. १९१२ साली इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. सहा कसोट्यांपैकी एकही त्याने गमावली नाही.

आता घरची बाजू. १८९८ साली त्याने बिॲट्रिस समनर हिच्याशी विवाह केला. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. हॅम्बल नदीवर ‘मर्क्युरी’ नावाचे जहाज होते. त्यावर मुलांना नौकानयनाचे शिक्षण मिळे. १९०८ पासून फ्राय तिचा प्रमुख झाला खरा, पण रोजचा कारभार चालवी बिॲट्रिस. तिची शिस्त फार कडक होती, मुलांना जाचक वाटावी इतकी. तिचे कौतुक करतानाही हे झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. तरीही नाव पतीचे आणि कष्ट पत्नीचे, हा प्रकार विलायतेतही होता तर!

१९२० साली रणजी राष्ट्रसंघाच्या बैठकीला जिनीव्हा येथे गेले तेव्हा फ्राय त्यांचा मदतनीस होता. पुढे १९२८ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला असता त्याचे मन पुरते ढासळले. कोणीतरी आपल्यावर करणी केली आहे असे त्याला वाटू लागले. सावरायला काही वर्षे गेली, आणि या सगळ्या काळात जहाज बिॲट्रिसनेच सांभाळले. पुढे क्रिकेटवर लिहिणारा म्हणून तो पुन्हा लोकप्रिय झाला. पण १९३४ साली जर्मनीत हिटलरला भेटून तो भारावला, हे मला अजिबात रुचले नाही.

बिॲट्रिस १९४६ साली वारली. चार वर्षांनी फ्रायने ‘मर्क्युरी’ सोडले आणि ७ सप्टेंबर १९५६ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. ती जहाजावरची शाळा १९६८ साली बंद पडली.