अंगुलिमाल : चीवर घेतल्यानंतरची गोष्ट

अंगुलिमालाची गोष्ट आपण विहारात, वर्षावासाच्या प्रवचनांत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा ती एकाच ठिकाणी थांबते. दरोडेखोर शस्त्र टाकतो, तथागतांना शरण जातो आणि भिक्खू होतो. मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्त मात्र तिथे थांबत नाही. त्याचा निम्म्याहून अधिक भाग त्यानंतर काय झाले ते सांगतो. वस्तीतल्या तरुणांबरोबर आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांबरोबर काम करणाऱ्या आम्हाला हा उरलेला भाग फार महत्त्वाचा वाटतो.

अंगुलिमाल कोसल देशातला. तो खुनी कसा झाला हे सुत्त सांगत नाही. ते सांगते सुमारे हजार वर्षांनंतरची अट्ठकथा. तिच्यानुसार तो राजपुरोहिताचा मुलगा, नाव अहिंसक. शिक्षणासाठी तक्षशिलेला गेला आणि सर्वांत हुशार ठरला. मत्सराने पेटलेल्या सहाध्यायांनी गुरूचे कान भरले. गुरूने त्याचा नाश व्हावा म्हणून हजार माणसांच्या बोटांची गुरुदक्षिणा मागितली. मुलाने आज्ञा पाळली. ही परंपरेने सांगितलेली कथा आहे, पण तिच्यातले सूत्र आम्हाला रोज दिसते. हुकूम देणारा मोठा माणूस नामानिराळा राहतो आणि हात मुलाचा रंगतो.

लोकांनी त्याला नाव दिले ते त्याच्या गळ्यातल्या बोटांच्या माळेवरून. गावे ओस पडली. लोक दहा-वीस-तीस-चाळीसच्या जमावाने जात, तरी वाचत नसत. गुराखी आणि शेतकऱ्यांनी अडवले, तरी तथागत त्याच वाटेने निघाले. तो मागे धावला, पण त्यांना गाठू शकला नाही. त्याने थांबायला सांगितले. आपण कधीच थांबलो आहोत, आता थांबायचे ते तू, असे तथागतांनी त्याला सांगितले. प्राणिमात्राची हिंसा थांबवणे हा त्याचा अर्थ त्याला कळला. त्याने शस्त्रे दरीत फेकली आणि प्रव्रज्या मागितली. ती त्याच क्षणी मिळाली.

इकडे श्रावस्तीत राजवाड्याच्या दाराशी लोकांचा आक्रोश चालला होता. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला आणि वाटेत जेतवनात आला. तो माणूस आता शीलवान भिक्खू झाला असेल तर काय कराल, असे तथागतांनी विचारले. वंदन करू, चीवर-भोजन देऊ, असे राजा म्हणाला खरा, पण समोर बसलेला भिक्खू तोच आहे हे कळताच घाबरला. मग त्याने त्याच्या आईवडिलांचे गोत्र विचारले आणि त्याला गार्ग्य मैत्रायणीपुत्र म्हणून आदराने संबोधले. ज्याला सारा मुलूख बोटांच्या माळेच्या नावाने ओळखत होता, त्याला राजाने आईवडिलांच्या नावाने हाक मारली. आमच्या मते पुनर्वसन इथून सुरू झाले.

पुढे भिक्षाटनात त्याला प्रसूतीत अडलेली एक स्त्री दिसली. जन्मापासून आपण जाणूनबुजून जीव घेतला नाही या सत्याच्या बळावर तिचे कल्याण चिंतावे, असे तथागतांनी सुचवले. ते खोटे होईल, असे तो म्हणाला. तेव्हा आर्य जन्म झाल्यापासून, असे शब्द त्यांनी दिले. म्हणजे त्याने भूतकाळ नाकारला नाही, लपवलाही नाही. फक्त नवी सुरुवात कुठून मोजायची ते ठरले. आजही थेरवादी देशांत गर्भवतींसाठी अंगुलिमाल परित्त म्हटले जाते.

तो अर्हत झाला, तरी श्रावस्तीत ढेकळे, काठ्या, खडे त्याच्या अंगावर पडतच राहिले. डोके फुटले, पात्र मोडले, चीवर फाटले. तथागतांनी त्याला सहन करायला सांगितले. पण हा उपदेश दगड खाणाऱ्याला होता. आपण मारलेल्या दगडाला त्याचा आधार घेता येणार नाही. आणि रक्ताळलेल्या अवस्थेत परतायला त्याला एक जागा होती, ती म्हणजे संघ.

लोकांची भीतीही खोटी नव्हती. त्यांचे आप्त मारले गेले होते. विनयपिटकातील महावग्ग सांगतो की अंगुलिमालाला चीवरात पाहून लोक भयभीत झाले, तक्रारी आल्या. तेव्हा यापुढे अशा कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला. पण आधी आत घेतलेल्या अंगुलिमालाला बाहेर काढले नाही. समाजाचे ऐकणे आणि शब्द पाळणे, दोन्ही त्यांनी केले.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गुन्हेगार आणि पतितांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात अंगुलिमालाला स्थान दिले. आज पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार 18 वर्षांखालील मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही, तरी वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे नाव आणि फोटो फिरतात. 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत. गुन्हा सिद्ध होण्याआधीच 'आत जाऊन आलेला' हा शिक्का बसतो. मग खोली मिळत नाही, काम मिळत नाही. जुनी टोळी मात्र दार उघडे ठेवून असते.

1994 मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांनी एकत्र विपश्यना केली. आत बदल घडू शकतो हे तिथे दिसले. प्रश्न फाटकाबाहेरचा आहे. सुटून आलेल्या मुलाला विहारात बसायला जागा, भीमजयंतीच्या तयारीत एक जबाबदारी, कामासाठी कुणाची तरी ओळख आणि त्याच्या खऱ्या नावाने हाक, एवढे तरी आपल्या हातात आहे. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या घरीही आपणच जायला हवे. जंगलातला बदल एका दिवसात झाला. श्रावस्तीतले काम लांबले, आणि ते आपल्या वाट्याचे आहे.