वडील १८, मुलगी १७

जिमखान्यात बॅडमिंटन कोर्टसाठी नंबर लावून ताटकळणाऱ्यांनो, तुम्हाला एक प्रश्न विचारते. समजा, तुमचा खेळ ऐन भरात आहे आणि जगातली सगळ्यात मोठी ट्रॉफी दरवर्षी तुमच्याच हातात येतेय. अशात कुणीतरी नोकरी देऊ करतं. काम खेळ शिकवायचं, पगार नियमित, पण एक अट. एकदा हे पैसे घेतले की त्या मोठ्या स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. घ्याल?

फ्रँक डेव्हलिनने घेतली.

डेव्हलिन मूळचा आयर्लंडचा, डब्लिनचा. विसाव्या शतकाच्या तोंडावर जन्मलेला. ज्या खेळाचे नियम आपल्या पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी घडवले आणि ज्याला काही काळ ‘पूना’ हेच नाव होतं, तो खेळ तोवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चांगलाच रुजला होता. तेव्हा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नव्हती, ती आली १९७७ मध्ये. ऑलिंपिकची पदकं तर थेट १९९२ मध्ये. त्यामुळे लंडनची ऑल इंग्लंड जिंकणारा म्हणजेच जगज्जेता, असा सरळ हिशेब होता. आणि ही स्पर्धा व्हायची कुठे, तर एरवी फुलांची प्रदर्शनं भरणाऱ्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये!

याच हॉलमध्ये डेव्हलिनने १९२२ मध्ये पुरुष दुहेरीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी त्याची जोडी जमली गॉर्डन मॅक या आयरिश दोस्ताशी, ज्याला सगळे ‘कर्ली’ म्हणायचे. गंमत बघा, १९२४ ची एकेरी या कर्लीने जिंकली आणि १९२५ पासून सलग पाच वर्षं डेव्हलिनने. मैत्री टिकली, दुहेरीही टिकली. मिश्र दुहेरीत सुरुवातीला त्याची जोडीदार होती किटी मॅकेन, म्हणजे १९२४ ची विम्बल्डन टेनिस विजेती.

१९२६, १९२७ आणि १९२९ या तीन वर्षांत तर त्याने एकेरी, पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे तिन्ही किताब एकदमच नेले. आज एखादा खेळाडू दोन प्रकारांत उतरला तरी आपण त्याच्या फिटनेसची काळजी करतो. तेव्हा तर सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, त्यामुळे रॅली जिंकूनही स्कोअर हलेलच याची खात्री नसायची.

१९३० मध्ये एकेरीचा मुकुट डोनाल्ड ह्यूमकडे गेला. १९३१ मध्ये डेव्हलिनने तो परत आणला. सहावी एकेरी, सातवी पुरुष दुहेरी आणि आधीच्या पाच मिश्र दुहेरी, अशी एकूण १८ विजेतेपदं. वय जेमतेम एकतीस. आणि इथेच तो थांबला.

का? आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा बॅडमिंटन हौशी खेळाडूंचं होतं. खेळातून पैसे घेतले, अगदी शिकवण्याचे का होईना, की तुमच्यावर ‘प्रोफेशनल’ हा शिक्का बसायचा आणि स्पर्धांचे दरवाजे बंद व्हायचे. ही भिंत पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी पडली. डेव्हलिनपुढे पर्याय दोनच होते. हौशी राहून चषक जिंकत राहायचं, किंवा आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं त्यावर पोट भरायचं. त्याने दुसरा निवडला आणि कॅनडातल्या विनिपेगला प्रशिक्षक म्हणून गेला. हाडं गोठवणारी थंडी, बाहेर बर्फ, त्यामुळे छपराखालच्या या खेळाची तिथे चलती होती.

नीट विचार केलात तर हे करिअर स्विच सोपं नव्हतं. काल ज्याच्यासाठी गॅलरी टाळ्या वाजवत होती, तो आज नवख्यांना रॅकेट कशी धरायची ते शिकवत होता. १९३७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचं नावच बोलकं आहे, ‘बॅडमिंटन फॉर ऑल’. सर्वांसाठी बॅडमिंटन!

पुढे कुटुंब अमेरिकेत मेरीलँडला, बाल्टिमोरच्या परिसरात स्थिरावलं. घरात दोन मुली होत्या. थोरली सुझन आणि १९३५ मध्ये विनिपेगलाच जन्मलेली ज्युडी. बाप शिकवत गेला, त्या शिकत गेल्या. १९५४ साली, आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी ऑल इंग्लंडची उपांत्यपूर्व फेरी गाठली त्याच वर्षी, अठरा वर्षांच्या ज्युडीने तिथे एकेरी जिंकली आणि सुझनसोबत दुहेरीसुद्धा. वडिलांच्या शेवटच्या विजेतेपदानंतर २३ वर्षांनी डेव्हलिन हे नाव पुन्हा त्या यादीत आलं.

मग ते जाईचना. बहिणींनी मिळून दुहेरी सहा वेळा जिंकली. १९५७ मध्ये महिलांचा उबर कप सुरू झाला आणि पहिले तिन्ही कप अमेरिकेने नेले. त्या तिन्ही संघांत ज्युडी होती. लग्नानंतर ती इंग्लंडला गेली, ज्युडी हॅशमन झाली, पण खेळणं काही थांबलं नाही. तिचा ऑल इंग्लंडचा हिशेब दहा एकेरी आणि सात दुहेरी. बापाच्या १८ ला एकच कमी!

आता १९६७ ची ऑल इंग्लंड बघा. डेन्मार्कच्या अर्लंड कॉप्सने पुरुष एकेरी सातव्यांदा जिंकली आणि डेव्हलिनचा सहा विजेतेपदांचा विक्रम इतक्या वर्षांनी मोडला. त्याच स्पर्धेत ज्युडीने दहावी एकेरी जिंकली. महिला एकेरीतला तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. म्हणजे डेव्हलिनने स्वतः खेळून केलेला विक्रम ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी त्याने शिकवून घडवलेला पक्का झाला.

डेव्हलिन १९८८ मध्ये गेला. आपल्याकडे गोपीचंदने २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकून नंतर अकादमी उभारली, तिथून सायना आणि सिंधूची ऑलिंपिक पदकं आली, तेव्हा चॅम्पियन कोचही होऊ शकतो हे आपल्याला नव्याने कळलं. डेव्हलिनला मात्र कोच होण्यासाठी आधी चॅम्पियनपण सोडावं लागलं होतं.

सुरुवातीचा प्रश्न अजून तसाच आहे. घ्याल ती नोकरी? कोर्टचा नंबर येईपर्यंत विचार करा.